दिवाणातल्या प्लेटा

मधुसूदन राजनकरांच्या गच्चीवर त्या काळ्या, पातळ सोलर प्लेटा बसल्या, तेव्हा त्यातून त्यांचे तीन फायदे होणार होते. आणि तिन्ही त्यांनी मनातल्या मनात जमा करून टाकले होते.

पहिला फायदा म्हणजे मुलगी घरी येणार होती. केतकी पुण्याच्या एका संशोधन केंद्रात याच प्लेटांवर काम करायची. तिची प्लेट अकोल्याच्या उन्हात टिकली, तर केंद्राची नवी प्रयोगशाळा अकोल्यात निघणार होती, आणि ती चालवायला केतकीपेक्षा योग्य माणूस कोण होतं? दुसरा फायदा, अहवालात नाव. ‘चाचणीसाठी घर देणारे नागरिक’ अशा मथळ्याखाली का होईना, पण छापील. तिसरा फायदा ते कोणाजवळ बोलले नव्हते. शेजारच्या बोचऱ्यांच्या गच्चीवर त्याच दिवशी, त्याच खोक्यातल्या प्लेटा बसल्या होत्या. वर्षभराने मोजणी होईल तेव्हा बोचऱ्यांच्या प्लेटा माना टाकून बसलेल्या असाव्यात आणि आपल्या मात्र कोऱ्या करकरीत, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

या तीन फायद्यांत विजेचा फायदा कुठेच नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या, ते पहिल्याच आठवड्यात आलं.

राजनकर एसटीच्या भांडारातून निवृत्त झालेले. भांडारपाल म्हणून त्यांची ख्याती अशी, की ड्रायव्हरने नवा वायपर मागितला तर ते आधी खिडकीतून आभाळ बघत. माल शेल्फावर असला म्हणजे सुरक्षित. बाहेर गेला की झिजायला लागला. हा नियम भांडारापुरता खराही होता. पण निवृत्तीनंतर राजनकरांनी तो घरी आणला. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर, त्या चादरीवर जुनी चादर. दिवाणाच्या पोटात न उलगडलेल्या सोलापुरी चादरी, लग्नाकार्यात मिळालेले टॉवेल, आणि कुमुदताईंच्या भावाने दिलेला चिनीमातीचा सेट. त्या सेटमध्ये जेवायच्या योग्यतेचा पाहुणा अजून जन्माला यायचा होता.

“मलाच तेवढं कव्हर घालायचं राहिलं तुमच्याकडून,” कुमुदताई म्हणत.

“तू रोजच्या वापरातली,” राजनकर म्हणत. हे कौतुक होतं, असं ते धरून चालले होते.

प्लेटांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं राजनकरांच्या स्वभावावर जाईल आणि निम्मा दोष तरी स्फटिकाचा आहे.

जुन्या सोलर प्लेटा सिलिकॉनच्या. तो स्फटिक दगडासारखा; एकदा बसला की बसला. केतकीच्या प्लेटा पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाच्या होत्या. हा शाईसारखा पसरून कागदासारखा छापता येतो, त्यामुळे प्लेट हलकी आणि स्वस्त. पण हा स्फटिक मऊ. त्याच्या आतले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आणि त्यातही आयोडीनचे, एका जागी बसत नाहीत. केतकीने हे आईला पंगतीवरून समजावलं होतं. पंगतीत मधेच एखादं पान रिकामं असतं. शेजारचा तिथे सरकतो, मग त्याचं पान रिकामं होतं, तिथे तिसरा सरकतो. ऊन, उष्णता आणि विजेचा दाब वाढला की ही सरकासरकी वाढते. आयन कडेला जाऊन गर्दी करतात, वीज बाहेर पडायची वाट अडवतात, आणि काही तर मांडव सोडून निघूनच जातात. अंधार पडला, दाब उतरला, की बरेचसे आपापल्या पानावर परततात. जगभर या प्लेटा बाजारात यायला उशीर झाला तो या भटक्यांमुळेच. केतकीने कडेला विशिष्ट रेणूंचा एक थर दिला होता. भटक्यांना दारातच अडवणारे राखणदार म्हणा. ते राखणदार अकोल्याच्या मे महिन्यात टिकतात का, एवढाच प्रश्न होता.

प्लेटा बसवून झाल्यावर केतकी पुण्याला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी राजनकर जिन्यात गेले आणि प्लेटांचं बटण त्यांनी बंद केलं.

“अहो, पंखा का थांबला?”

“लाइनच्या विजेवर लाव.”

“मग वर त्या प्लेटा कशाला बसवल्या?”

“मोजणी वर्षभराने आहे. तोवर झिजवायच्या का? पोरीचं काम आहे ते.”

प्लेटांसोबत आलेली पेटी दर रविवारी दुपारी प्लेटांची ताकद मोजून पुण्याला कळवायची. वापर किती झाला, हे ती मोजत नव्हती. तसल्या महाग पेट्या केंद्राला परवडल्या नव्हत्या. त्यामुळे राजनकर रविवारी सकाळी बटण सुरू करत, जसे पाहुणे येणार म्हणून सोफ्यावरची वरची चादर काढत, आणि संध्याकाळी बंद करत. उरलेला आठवडा प्लेटा उन्हात नुसत्या पडून असत, कुठलंही काम न करता. राजनकर रोज सकाळी मऊ फडक्याने त्या पुसत.

पलीकडे बोचरे मात्र प्लेटांचा जीव काढत होते. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. फुकट मिळालेली वस्तू पडून राहिली तर त्यांना झोप येत नसे. कूलर, पाण्याची मोटर, घरची पिठाची चक्की, गल्लीतल्या पोरांचे मोबाइल, आणि यातूनही वीज उरली तर भर दुपारी अंगणातला दिवा.

“बोचरे, अहो दिवसा दिवा?” राजनकर कुंपणावरून विचारत.

“वापराले देल्ली ना जी वस्तू? तुम्ही काय पुजून राहिले का?”

“वर्षभराने बघू.”

“वर्षभरानं बघू. सध्या या, थंड पाणी पिऊन जा.”

अकोल्याचा मे म्हणजे काय, हे ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळत नाही. भर दुपारी गल्लीत माणूस दिसला तर तो बाहेरगावचा, असं खुशाल समजावं. त्यात नेमकी दुपारी लाइनची वीज जायची. कुमुदताईंनी पहिले काही दिवस ओला टॉवेल मानेवर ठेवून काढले. मग एके दिवशी त्या विणकामाची पिशवी घेऊन निघाल्या.

“कुठे?”

“बोचरेवहिनींकडे. त्यांच्या कूलरपुढे बसते.”

“लोक काय म्हणतील? आपल्याही गच्चीवर प्लेटा आहेत.”

“लोक म्हणतील, त्यांच्या प्लेटांना ऊन सोसत नाही म्हणून बायको बाहेर काढली.”

आणि त्या गेल्या. त्या उन्हाळ्यातल्या बहुतेक दुपारी कुमुदताई बोचऱ्यांच्या वीजवापराचा भाग होऊन बसल्या.

दिवाळीच्या सुमारास रविवारच्या आकड्यांत काहीतरी बिघडायला लागलं. राजनकरांच्या प्लेटांची ताकद उतरत होती. केतकी फोनवर आधी धूळ म्हणाली, मग तारेचा जोड तपासायला सांगितला. राजनकरांनी आणखी मऊ फडकं आणलं. होळीपर्यंत काही प्लेटांच्या कडा पिवळट दिसायला लागल्या. बोचऱ्यांच्या प्लेटा मात्र धुळीने माखलेल्या, चिमण्यांनी घाण केलेल्या, आणि तरी ठणठणीत. चाचणीतली गल्लीतली बाकीची घरंही बोचऱ्यांच्या थोडीच मागे. राजनकरांना हा देवाघरचा अन्याय वाटला. बोचऱ्यांनी गुपचूप प्लेटा बदलल्या की काय, म्हणून ते एकदा शिडी लावून पाहूनही आले.

मे महिन्यात केतकी आली ती मोजणीचं यंत्र घेऊन. सकाळी गच्चीवर गेली आणि दुपारी खाली आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल होता. पण राजनकर बाप होते. ते नुसतं ऊन नव्हतं, हे त्यांना कळलं.

“बोचरेकाकांकडे मूळ ताकदीच्या नव्वद टक्क्यांवर आहेत,” ती म्हणाली. “आपल्याकडे सत्तर. दोन प्लेटा तर गेल्यातच जमा.”

“मग?”

“मग काय. नियम आधीच ठरलाय. एकही घर नव्वदच्या खाली गेलं तर प्लेट बनवायची ही कृती बाद. समितीची बैठक पंधरवड्याने आहे. तोवर थांबण्यात अर्थ नाही, मीच माघारीचं कळवून टाकते.” तिने लॅपटॉप उघडला. “आणि जर्मनीतल्या एका संस्थेच्या नोकरीला हो म्हणते. त्यांनी दोनदा विचारलंय.”

जमा धरलेला पहिला फायदा डोळ्यांदेखत खर्ची पडत होता. राजनकरांनी घसा साफ केला.

“हे एक घर गाळून टाक ना. घरचंच तर घर आहे.”

“घरचं आहे म्हणूनच गाळता येत नाही, बाबा. बापाचं घर खराब निघालं तर पोरीनं काढून टाकलं, असं म्हणतील. बरोबरच म्हणतील.” ती टाइप करता करता थांबली. “मला फक्त एक कळत नाही. तेच ऊन, तीच धूळ, भिंतीला भिंत लागून घर. तिकडे काही नाही आणि इकडे इतकं. कारण कळलं असतं तर मी भांडले तरी असते. कारणच नाही.”

कुमुदताई बोचऱ्यांकडून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी ताकाचे पेले टेबलावर ठेवले आणि नवऱ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. आयुष्यभर बोलत आलेली बाई गप्प राहते तेव्हा ती आपल्याला एक संधी देत असते, हे कळण्याइतके राजनकर हुशार होते.

“बटण बंद असायचं,” ते म्हणाले.

“कुठलं बटण?”

“जिन्यातलं. प्लेटांचं.”

“कधी बंद असायचं?”

“रविवार सोडून.”

केतकीने लॅपटॉप अर्धा मिटला. “वर्षभर?”

“झिजू नयेत म्हणून.” राजनकर पेल्यावरचा थेंब बोटाने पुसत होते. “तुझंच काम होतं ना ते. म्हटलं कोऱ्या ठेवू.”

“आणि आईचा कूलर?”

“मी कूलर लावतच नव्हते,” कुमुदताई म्हणाल्या. “मी बोचऱ्यांचा वापरत होते.”

केतकी रागावली. वर्षभराची मेहनत, बाबा, असं ती दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा तिचा आवाज हलला. एकदा फोन करून विचारायचं होतं, म्हणाली. राजनकरांनी मान खाली घातली. भांडारात कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी कोणाला विचारलं नव्हतं. मग ती उठून खिडकीपाशी गेली, पलीकडे बोचऱ्यांच्या अंगणात भर उन्हात जळणाऱ्या दिव्याकडे बघत राहिली, आणि वळली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

“बोचरेकाका दिवसासुद्धा दिवा लावतात?”

“वीज उरते म्हणून. मूर्खपणा आहे नुसता,” राजनकर म्हणाले.

“थांबा, थांबा.” ती परत येऊन बसली. “बाबा, ऊन पडलं की प्लेटेत इलेक्ट्रॉन मोकळे होतात. बटण सुरू असलं तर ते तारेतून बाहेर पडतात, पंखा फिरवतात, मोकळे होतात. बटण बंद असलं तर कुठे जातील? आतच तुंबतात. आतला दाब जास्तीत जास्त होतो, आणि तो दिवसभर तसाच. मग आयन आपली पानं सोडून पळणारच. पंगत उठली, पण मांडवाचं दार तुम्ही बाहेरून कुलूप लावून बंद केलंत. आतली गर्दी ढकलाढकली करणार नाही तर काय करेल? राखणदार दोन-चारांना अडवतात, अख्ख्या मांडवाला नाही.”

“पण रात्री परत येतात म्हणालीस.”

“येतात. पण दिवसभर इतके गेल्यावर एका रात्रीत सगळे कसे येतील? रोज थोडे मागे राहिले. वर्षभर.”

राजनकरांनी पेला बाजूला सारला. “म्हणजे उन्हात पडून राहण्यानं झिजल्या?”

“वापरल्यापेक्षा जास्त.”

निवृत्तीनंतर एखाद्याचा देव बदलावा तसं काहीसं त्यांना झालं.

“परत येतील का ते, गेलेले?”

“जे कडेपाशी घुटमळतायत ते येतील. बाहेर पडले ते नाही. सलग काळोख द्यावा लागेल, दिवस-रात्र. कोरडी, बंद जागा हवी.” तिने घरभर नजर फिरवली. “आहे का तशी?”

कुमुदताई हसायला लागल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या एका सवयीचा उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती.

दिवाण उघडला. राजनकर बाजूला उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं अखेरचं भांडार रिकामं झालं. सोलापुरी चादरी निघाल्या, टॉवेल निघाले, कुठल्या कोणाच्या बारशातला ब्लाउजपीस निघाला, आणि गवतात गुंडाळलेला चिनीमातीचा सेट.

“हे आता कुठे ठेवायचं?” राजनकरांनी विचारलं.

“कुठे म्हणजे?” कुमुदताई म्हणाल्या. “गाद्यांवर घालायच्या चादरी. ताटल्यांत जेवायचं.”

“रोज?”

“दिवाणात तुमच्या प्लेटा झोपल्यात. माझ्या प्लेटांनी कामावर जायला नको?”

प्लेटा उतरवून, पुसून, जुन्या चादरींत घड्या न पडता दिवाणात ठेवल्या. जुन्या चादरींचाही सोफ्यावरून हा प्रथमच प्रवास. मग केतकीने दिवाणाच्या फटी काळ्या कापडाने बंद केल्या. राजनकरांना वर बसायची मनाई झाली. पण ते दिवसातून एकदा येऊन दिवाणावर हात ठेवून जात, तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

बैठकीच्या आदल्या दिवशी प्लेटा पुन्हा गच्चीवर गेल्या. या वेळी राजनकरांनी बटण स्वतः सुरू केलं, कूलर लावला, पंखे लावले, आणि तरी काही उरलं असेल या भीतीने दिवाणखान्यातला दिवाही लावला. केतकीने एकेक प्लेट मोजली. बोचरे कुंपणापाशी छत्री घेऊन उभे होते. परिणाम ऐकल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

केतकीने आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग शिडीवरच बसली आणि ओढणीने तोंड पुसलं.

“अगं सांग ना पोरी, मी वितळून राहिलो,” बोचरे म्हणाले.

“अठ्ठ्याऐंशी, काका. काही एकोणनव्वद. त्या दोन पिवळ्या सोडून.”

“नव्वद नाही?” राजनकरांचा आवाज उतरला.

“नाही. पण आता कारण आहे, बाबा.”

बैठक दूरवरून, पडद्यावर होती. केतकीने एकच अट घातली होती: बटणाचं राजनकरांनी स्वतः सांगायचं. चाचणीतली सगळी घरं जोडलेली होती. एका चौकटीत बोचरे, त्यांच्यामागे वहिनी. राजनकर पांढरा शर्ट घालून बसले. तोही दिवाणातून निघालेला, घडीच्या रेघांसकट. त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, रविवारचंही सांगितलं. केंद्राच्या संचालकबाईंनी चश्मा काढला.

“म्हणजे वर्षभर तुम्ही प्लेटा उघड्या उन्हात ठेवल्या, काहीही न जोडता?”

“जपायच्या म्हणून.”

कोणी हसलं नाही. तेवढ्यात बोचऱ्यांच्या चौकटीतून आवाज आला: “म्हंजे मॅडम, मी नासधूस करून राहिलो नव्हतो. मी संशोधन करून राहिलो होतो.”

मग मात्र सगळेच हसले. राजनकरही, जरा उशिराने.

संचालकबाई म्हणाल्या, की असं वागणारी माणसं घरोघरी असतात. त्यांच्या सासऱ्यांनी फ्रिजच्या हँडलला टॉवेल बांधला होता. बंद बटणाच्या, उन्हात पडलेल्या प्लेटांचं वर्षभराचं घर कुठल्याच प्रयोगशाळेत बसवायला कोणाला सुचलं नसतं, आणि उद्या लाखो घरांत हेच झालं असतं. कृती बाद झाली नाही. तिला एक अट जोडली गेली: यापुढे प्रत्येक प्लेटेला असं बटण लावायचं, की बंद केलं तरी आतली वीज एका छोट्या वाटेने फिरत राहील, तुंबणार नाही. आणि प्लेटेच्या मागे छापायचं, की काम नसेल तर झाकून ठेवा.

केतकीने जर्मनीला नाही कळवलं. प्रयोगशाळा अकोल्यातच निघाली, जठारपेठेतल्या एका बंद पडलेल्या गोदामात. सध्या ती चारच महिने चालते, उन्हाळ्याचे. बाकी वर्ष केतकी पुण्यात. राजनकरांनी जमा धरलं होतं तेवढं आलं नाही, पण जे आलं ते रोज संध्याकाळी जेवायला येतं.

अहवालात नावही आलं. नव्या बटणाला केंद्रातली पोरं ‘राजनकर बटण’ म्हणायला लागली आणि ते छापलंही गेलं. मूर्खपणापासून वाचवणाऱ्या बटणाला आपलं नाव, यात मान किती आणि चिमटा किती, याचा हिशेब राजनकरांनी अजून पूर्ण केलेला नाही.

तिसरा फायदा सपशेल बुडाला. तो सगळा बोचऱ्यांकडे गेला, आणि ते तो रोज कुंपणावरून वापरतात. पडून ठेवत नाहीत.

परवा बोचरे जोडीने चहाला आले. चिनीमातीच्या सेटमध्ये चहा दिला. बोलता बोलता बोचऱ्यांचा हात लागला आणि एक कप फरशीवर जाऊन फुटला. केतकी, कुमुदताई, वहिनी, सगळ्यांच्या नजरा राजनकरांकडे.

राजनकरांनी तुकड्यांकडे पाहिलं. मग कूलरकडे पाहिलं. तो मस्त चालू होता.

“वापरात होता,” ते म्हणाले. “कुमुद, दुसरा दे त्यांना.”

आता शेवटचा जमाखर्च. दोन प्लेटा पिवळ्या पडल्या त्या पडल्याच. त्या पुण्याला काचेच्या कपाटात आहेत, बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. एक कप गेला. बोचऱ्यांचं काहीच गेलं नाही, त्यांचं कधीच जात नाही. राजनकरांचा एक नियम गेला, आणि त्याची त्यांना वाटली होती तेवढी गरज नव्हती. बाकी सगळी किंमत एकटीने मोजली ती कुमुदताईंनी: एक अख्खा उन्हाळा, दुसऱ्याच्या कूलरपुढे. त्याची भरपाई चालू आहे. दुपारी त्या घरीच असतात, नव्या सोलापुरी चादरीवर आडव्या. आणि राजनकर जिन्यातून जाताना बटणाकडे बघतसुद्धा नाहीत.